पसरलेला हात नीट पाहा

गोंदिया जंक्शनवर गाडी थांबली की स्लीपरच्या खिडकीच्या गजांतून आधी हात आत येतो, चेहरा नंतर दिसतो. पुढच्या चार-पाच सेकंदांत डब्यात जे घडते ते ठरलेले असते. कुणी मोबाइलमध्ये डोके घालतो, कुणी खिसा चाचपतो, कुणी ‘माफ करो बाबा, आगे जाओ’ म्हणतो. हात पुढच्या खिडकीकडे सरकला की वाद सुरू होतो. द्यायला हवे होते. छे, दिल्याने सवय लागते. सगळे दारूत जाते. यांच्या टोळ्या असतात. गाडी सुटते आणि गंगाझरी येईपर्यंत वादही संपतो. त्या हाताकडे मात्र कुणी नीट पाहिलेले नसते.

नाणे द्यावे की नाही, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात नाही. ते ज्याच्या त्याच्या खिशाचे आणि मनाचे आहे. पण रस्त्यावर मागणाऱ्यांपैकी कितीतरी जण आजारी असतात आणि त्यांतले बरेच आजार बरे होणारे किंवा आटोक्यात येणारे असतात, तेही सरकारी दवाखान्यात. खिशातून चिल्लर काढता काढता समोरच्याच्या अंगाकडे तीन-चार सेकंद पाहिले, दोन शब्द विचारले, तर पाच रुपयांनी होत नाही ते होऊ शकते. चिल्लर न देणाऱ्यालाही हे करता येते.

२०११ च्या जनगणनेत देशात ४ लाख १३ हजार ६७० भिकारी व भटके नोंदले गेले. त्यांत महाराष्ट्रातले २४ हजार ३०७. ज्याला घर नाही त्याची शिरगणती नीट होणे अवघडच, तेव्हा हा आकडा कमीत कमी समजायचा. गोंदिया जिल्ह्यात हे लोक दिसतात ते स्टेशनवर, एसटी स्टँडवर, देवळांच्या पायऱ्यांवर आणि कचारगड, प्रतापगडसारख्या यात्रांत. हावडा-मुंबई मार्गावरचे मोठे जंक्शन असल्याने इथे उतरणारा माणूस ओडिशाचाही असू शकतो, बंगालचाही.

आता तो हात. पूर्व विदर्भात तो अनेकांनी पाहिलेला आहे. करंगळी आणि शेजारचे बोट आत वळलेले, पंज्याच्या हाडांमधल्या जागा खोल गेलेल्या, अंगठा बोटांना टेकत नाही, एखादे बोट निम्मेच उरलेले. असा हात पाहून माणूस दोन पावले मागे सरतो. इथे त्याची माहिती निदान चाळीस वर्षे जुनी असते.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या आर्मॉर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. हा जंतू कमालीचा आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. म्हणून लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात : कातडी, नाक आणि कातडीजवळून जाणाऱ्या नसा. कोपर टेबलाला आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारी जी नस आहे, ती त्याच्या तावडीत हमखास सापडते. ती निकामी झाली की हाताची करंगळीकडची बाजू बधिर होते आणि बोटे वळू लागतात. बोटे ‘झडतात’ असे लोक म्हणतात, पण ती झाडाच्या पानासारखी गळून पडत नाहीत. बधिर हाताला चुलीतले लाकूड, जळती विडी, पत्र्याची धार यांपैकी काहीच कळत नाही. भाजते, चिरते, पिकते, जखम हाडापर्यंत जाते आणि बोट वर्षानुवर्षे थोडे थोडे आखूड होत राहते. तळपायाचेही तसेच. काटा रुतून आठवडा झाला तरी माणूस त्याच पायावर चालत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि या रोगाचे चित्र पालटले. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन ही ती औषधे. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यायची. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात. उपचार सुरू झाल्यावर काही दिवसांतच रुग्णापासून दुसऱ्याला लागण होणे थांबते. मुळात बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूला तोंड देण्याची उपजत ताकद असते. रोग पसरतो तो उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाका-तोंडातून उडणाऱ्या तुषारांतून, आणि तोही दीर्घकाळच्या निकट सहवासात. नाणे देताना बोटाला बोट लागले म्हणून कुष्ठरोग होत नाही.

स्टेशनवर दिसणारा वाकडा हात बहुतेक वेळा जुना असतो. रोग केव्हाच गेलेला, नासधूस तेवढी मागे राहिलेली. ज्याच्यापासून खरोखर लागण होऊ शकते तो माणूस बहुधा भीक मागत नसतोच. तो नोकरीला जात असतो, रोवणीला जात असतो, वर्गात बाकावर बसत असतो. अंगावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा, जो दुखत नाही, खाजत नाही, म्हणून दाखवलेला नाही. देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे डिसेंबर २००५ मध्ये जाहीर झाले. त्यानंतर रोग संपलाच अशी समजूत पसरली. तो संपलेला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात नवे रुग्ण आजही सापडतात. तेव्हा भिकाऱ्याच्या हाताची भीती बाळगण्यापेक्षा स्वतःच्या पाठीवरचा न खाजणारा चट्टा आरशात पाहणे अधिक शहाणपणाचे.

बधिर हातापायांच्या माणसाला काही द्यायचे तर थोडी समज लागते. वळलेल्या बोटांना चिमूट जमत नाही. नाणे टाकले की ते निसटते आणि माणूस फलाटावर ते शोधत बसतो. सरळ तळहातावर ठेवावे, किंवा वाटीत. वाफाळता चहा स्टीलच्या पेल्यात दिला तर त्याला चटका जाणवत नाही, संध्याकाळी तळहातावर फोड मात्र आलेला असतो. चहा जरा निववून, कागदी कपात द्यावा. दान म्हणून लोक चपला देतात. घट्ट पट्ट्याची नवी चप्पल बधिर पायाला दोन दिवसांत जखम करते आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. अशा पायांसाठी मऊ रबराच्या तळाची खास पादत्राणे असतात. दवाखान्यात त्यांना एमसीआर चप्पल म्हणतात. कुष्ठरोग कार्यक्रमात ती मोफत मिळतात. चप्पल विकत घेऊन देण्यापेक्षा ‘सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाच्या विभागात जा, तिथे पायाची चप्पल मागा’ एवढे सांगणे जास्त उपयोगी. काही हात शस्त्रक्रियेने पुन्हा उघडझाप करू लागतात, काही पापण्या पुन्हा मिटतात. हे ठाऊक नसल्याने अनेकांनी ती विचारणाही केलेली नसते.

त्याला हेही ठाऊक नसते की दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ हा दिव्यांगत्वाचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुष्ठरुग्णही बसतात. अडते ते कागदांपाशी. आधार नाही, रेशनकार्ड नाही, बँक खाते नाही, अर्जावर लिहायला पत्ता नाही. आणि आधारचा अंगठा उमटवायचा कुठल्या बोटाने? ज्याच्याकडे एक मोकळी दुपार आहे आणि सरकारी खिडकीवर बोलायची हिंमत आहे, अशा माणसाने सोबत जाऊन दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरून दिला तर ते दान वर्षानुवर्षे चालते.

विदर्भाला हा विचार नवा नाही. मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभे केले. वरोऱ्याला बाबा आमटे गटाराकडेला पडलेल्या तुळशीरामला पाहून आधी घाबरून पळाले, मग परतले. त्या भीतीचाच पाठपुरावा करत १९५१ मध्ये आनंदवन उभे राहिले. तिथे भिकेऐवजी काम होते, शेती होती, हातमाग होते. त्याच मातीतल्या गाडगेबाबांनी आंधळ्या-पांगळ्यांना पंगती घातल्या, धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः भाकरी घेण्याआधी झाडू मारायचे किंवा लाकडे फोडून द्यायचे. उपाशी माणसाला आधी जेवू घालावे की आधी काम द्यावे, हा वाद या मंडळींनी घातल्याचे दिसत नाही. त्यांनी दोन्ही केले. आज पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे देवळा-मशिदींच्या पायऱ्यांवर बसून भिक्षेकऱ्यांना तपासतात, औषध देतात आणि त्या ओळखीच्या बळावर त्यांना कष्टाच्या कामाकडे वळवतात. औषधाच्या निमित्ताने विश्वास बसतो. उपदेशाने बसत नाही.

फलाटाच्या टोकाला आडवा पडलेला माणूस हे दुसरे चित्र. ‘पिऊन पडला आहे’ असे म्हणून लोक वळसा घालतात. प्यालेला असेलही. पण दारूचा वास आला म्हणून बाकी निदाने रद्द होत नाहीत. रक्तातली साखर घसरलेला माणूस अडखळत बोलतो, घामाघूम होतो, शिव्याही देतो. अर्धांगवायूचा झटका आलेल्याचे तोंड वाकडे होते आणि एक हात उचलत नाही. फिट येऊन गेलेला माणूस काही वेळ गुंगीत असतो. नेहमी पिणारा माणूस पडतो, डोक्याला मार लागतो, मेंदूभोवती रक्त हळूहळू साचते आणि दुसऱ्या दिवशी तो ‘जास्तच प्यालेला’ वाटतो. उलट, वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, म्हणजे बहुतेकदा पैसे संपले, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते. तेही जिवावर बेतू शकते. आणि मे महिन्याच्या दुपारी गोंदियाच्या उन्हात कातडी तापलेली, बडबड असंबद्ध, असा माणूस उष्माघाताचा आहे असे धरूनच चालावे. सावली, अंगावर पाणी, वारा, आणि १०८. हिवाळ्यात उलटे. विदर्भातले नीचांकी तापमान अनेकदा गोंदियाचेच असते, आणि गारठलेला म्हातारा माणूस ओरडत नाही, गप्प होत जातो.

वळसा घालण्याआधी हाक मारावी, खांदा हलवावा. डोळे उघडले, उत्तर दिले, तर ठीक. उत्तर नाही, किंवा श्वास घरघरतो आहे, तर एका कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. स्टेशनवर असाल तर रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला किंवा स्टेशन मास्तरला सांगावे, अथवा १३९ लावावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, साखर, चहा, काहीही घालू नये; ते फुप्फुसात जाते. कांदा हुंगवू नये. आणि व्हिडिओ काढू नये. त्या अवस्थेतला चेहरा गावाने पाहावा असे कुणालाही वाटत नाही, त्यालाही नाही.

माणसे अशा वेळी थांबत नाहीत, ती दगडी काळजाची असतात म्हणून, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथे डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. धर्मोपदेशक होऊ घातलेल्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे जाऊन भाषण द्यायला सांगितले. काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत गल्लीत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, थोडी घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के, आणि ‘उशीर झाला, पळा’ असे सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने विशेष फरक पडला नाही. फलाट ही घाईचीच जागा. तिथे चांगुलपणा कमी पडतो तो घड्याळामुळे, हे लक्षात ठेवले तर गाडीला वीस मिनिटे असताना तरी थांबता येईल.

तसाच दुसरा प्रयोग. अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटच्या दारांवर घंटा वाजवत देणगी मागणारे स्वयंसेवक उभे केले गेले. ते नुसते उभे असत तेव्हा फारसे काही बिघडत नसे. त्यांनी तोंडाने ‘कृपया द्या’ म्हटले की देणारे खूप वाढत, आणि त्याच वेळी ते दार टाळून दुसरीकडून जाणारेही खूप वाढत. जेम्स आंद्रेओनी आणि सहकाऱ्यांचा हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माणूस डोळे चुकवतो कारण डोळ्याला डोळा भिडला की आपण विरघळू, हे त्याला ठाऊक असते. मोबाइलमध्ये डोके घालण्याचे रहस्य हेच. पण मागणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर दिवसभर शेकडो माणसे आरपार पाहून जातात. नकार द्यायचा तर तोंडाकडे पाहून द्यावा. ‘आज नाही, मावशी’ एवढे पुरते. त्याला पैसे लागत नाहीत.

दिलेले पैसे दारूत जातात का? काहींचे जातात. रोख मदतीने गरिबांचे दारू-तंबाखूवरचे खर्च वाढतात का, हे जगभरच्या अभ्यासांतून डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोवा यांनी तपासले, तेव्हा ते वाढत नाहीत, काही ठिकाणी उलट घटतात असे दिसले. हे अभ्यास घर-संसार असलेल्या गरीब कुटुंबांचे होते. रस्त्यावरच्या व्यसनी माणसाला ते जसेच्या तसे लागू करणे बरोबर नाही. पण ‘सगळे दारूतच जाते’ हे ठाम विधान करण्याइतका पुरावा डब्यातल्या कुणाकडे नसतो. द्यायचे तर हिशेब न मागता द्यावे. हिशेब हवा असेल तर वस्तू द्यावी, पण विचारून. दात नसलेल्या म्हातारीला भाजलेल्या शेंगदाण्याचा उपयोग नाही. घरात सकाळी उरलेली भाजी मेच्या दुपारी दान करू नये. जी आपल्या मुलाला देणार नाही ती कुणालाच देऊ नये. आणि स्वतःच्या डब्यातली गोळी तर कधीच देऊ नये. ‘माझेही गुडघे दुखतात, ही घे’ म्हणून दिलेल्या वेदनाशामकाने उपाशी पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर गोळीपेक्षा थुंकीच्या तपासणीचा पत्ता द्यावा. क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय इथे ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. ही बातमी रस्त्यावर झोपणाऱ्यांपर्यंत पोहोचवायला सरकारी पोस्टर पुरत नाही, कारण त्यांच्यातल्या अनेकांना वाचता येत नाही.

मुलांबाबत मात्र उत्तर सरळ आहे. हात पसरणाऱ्या मुलाला पैसे देऊ नयेत. मूल जितके लहान, जितके केविलवाणे, तितकी कमाई जास्त, हे गणित एकदा बसले की त्या मुलाची शाळा कायमची सुटते. मुलाकडून भीक मागवणे हा बाल न्याय कायदा, २०१५ नुसार पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. त्यासाठी मुलाला अपंग केले तर सात ते दहा वर्षे सक्तमजुरी. भूक लागली म्हणाला तर समोर बसवून खाऊ घालावे, आणि १०९८ ला फोन करावा. कपड्याचा बोळा तोंडाशी धरलेला, डोळे तारवटलेले मूल दिसले तर तो पंक्चरच्या सोल्युशनचा किंवा व्हाइटनरचा वास असू शकतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. सर्व नशांमध्ये हीच एक मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त. अशा मुलाच्या मागे ओरडत धावू नये. या वाफांनी हृदयाची लय बिघडलेली असते आणि घाबरून पळताना ते जागीच बंद पडू शकते.

कडेवर निपचित झोपलेले तान्हे मूल पाहून ‘अफू दिली असणार’ असे बोलले जाते. कधी ते खरे असेल. पण ताप, जुलाब, रक्तक्षय आणि ऊन यांनीही मूल असेच मलूल होते. कारण शोधणे प्रवाशाचे काम नाही. मूल हलवूनही जागे होत नसेल, ओठ कोरडे किंवा निळसर असतील, तर कारण काहीही असो, त्याला लगेच दवाखाना हवा. १०८ लावावा, आणि बाईशी पोलिसासारखे बोलू नये.

संशय कुठवर जातो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गावोगाव भिक्षा मागत फिरणारे लोक होते. शंका आली तर ११२ आहे, १०९८ आहे. गर्दी गोळा करणे हा उपाय नाही.

कायद्याचे धोरण तरी स्वच्छ आहे का? राज्यात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. गाणे म्हणून, नाच करून, भविष्य सांगून, कसरत दाखवून मागणे, जखम दाखवून मागणे, सारे त्याच्या व्याख्येत येते. म्हणजे कागदोपत्री वासुदेव आणि नंदीबैलवालाही त्यातच. पहिल्यांदा सापडल्यास एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात. पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. हाच कायदा दिल्लीत लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये रस्त्यावरच्या भिकेवर सरसकट बंदी घालायला नकार दिला. दुसरीकडे नागपूर पोलिसांनी मार्च २०२३ मध्ये चौकांतून भिकाऱ्यांना हटवण्याचा आदेश काढला, आणि इंदूरमध्ये जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरच कारवाईची तरतूद झाली. चौकातून हटवलेला माणूस पुढच्या स्टेशनवर उतरतो, त्याची पायाची जखम त्याच्यासोबतच असते. ड्रेसिंग तेवढे चुकते.

राहिला तो, जो मागतच नाही. जटा झालेले केस, मेच्या उन्हात अंगावर तीन सदरे आणि गोणपाट, खांद्यावर चिंध्यांचे गाठोडे, हवेशी चाललेले बोलणे. कुणी अन्न ठेवले तर खातो, नाही तर कचरापेटीतून उचलतो. पैसे दिले तर टाकून देतो. रस्त्यावरच्या सगळ्यांत जास्त आजारी बहुधा हाच असतो, आणि त्याच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते कारण तो हात पुढे करत नाही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात माणूस कुठल्याशा आवाजाच्या मागे घरातून निघतो, मिळेल त्या गाडीत बसतो आणि जंक्शनवर उतरतो. घरी आई-बाप, बायको त्याला वर्षानुवर्षे शोधत असतात. वयस्कर असेल तर स्मृतिभ्रंशही असू शकतो; चप्पल एका पायात, खिशात किराण्याची चिठ्ठी.

त्याच्यासाठी कायदा आहे आणि तो चांगला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार असा माणूस हद्दीत फिरताना आढळला आणि त्याला स्वतःची काळजी घेता येत नसल्याचे दिसले, तर त्याला संरक्षणात घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे; बेघर आढळला तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. म्हणून ११२ ला फोन करताना ‘एक वेडा फिरतोय’ असे न म्हणता ‘मानसिक आजाराची, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती आहे, मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे रुग्णालयात न्यायला हवी’ असे म्हणावे. ठाण्यात या शब्दांना वजन असते. काय करावे सुचत नसेल तर १४४१६ ही टेलिमानसची मोफत सेवा दिवसरात्र चालू असते. गरज पडल्यास रुग्णाला पुढे नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवता येते.

घराचा पत्ता सापडतो तो बहुतेक वेळा भाषेतून. आठवडाभर औषध पोटात गेले की बडबडीतून एखादे गाव, एखादी नदी, एखाद्या शाळेचे नाव बाहेर पडते. ती बडबड तेलुगू आहे की ओडिया, की बांगला, हे ओळखणारा एक माणूस त्या वेळी हवा असतो. फलाटावरचा चहावाला, छत्तीसगडहून आलेला हमाल, दक्षिणेकडे निघालेली एखादी प्रवासी बाई हे काम डॉक्टरपेक्षा चांगले करतात. डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने अशा हजारो माणसांना देशभरच्या आपापल्या घरी पोहोचवले आहे. त्या कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

घरी पोहोचल्यावरही औषध चालू ठेवावे लागते. रोज गोळी घेत नसेल त्याच्यासाठी दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन असते, आणि औषधांची सोय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून होते. सहा-आठ महिन्यांत माणूस शेतात जाऊ लागतो, हसू लागतो. घरच्यांना वाटते, आता बरा झाला, कशाला रोजचे औषध. मग गोळ्या थांबतात, पुन्हा आवाज ऐकू यायला लागतात, आणि एका पहाटे तो पुन्हा कुठल्याशा गाडीत बसलेला असतो.